अपुरी मात्रा

महाराष्ट्रातील जुन्या घरांत तान्ह्या मुलाला बाळगुटी देण्याचा प्रघात होता. पुष्कळ घरांत तो अजूनही आहे. सहाणेवर थोडे दूध घेऊन हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ असे जिन्नस एकामागून एक उगाळावयाचे, आणि उगाळताना आजीबाईंनी वेढे मोजावयाचे. मूल महिन्याचे असले म्हणजे अमक्या जिनसाचा एक वेढा, तीन महिन्यांचे झाले म्हणजे दोन, जायफळाला मात्र हात आखडता. बोलता बोलता मोजणी चुकली, तर ते चाटण टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून उगाळणाऱ्या आजीबाईही असत. बाळगुटीच्या गुणावगुणांची चर्चा हा या भाषणाचा विषय नव्हे. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, औषध कोणते याच्या बरोबरीने औषध किती, हाही प्रश्न या घरांना ठाऊक होता. मराठी भाषेत तर या ‘किती’ला औषधाइतकेच महत्त्व मिळाले आहे. प्रमाणालाही मात्रा म्हणतात आणि औषधालाही मात्रा म्हणतात; आणि एखाद्यापुढे कोणाचाच उपाय चालेनासा झाला, म्हणजे त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही, असे म्हणण्याची रीत आहे.

असे असूनही आजच्या सुशिक्षित घरात मात्रेविषयी एक चमत्कारिक समजूत आढळते. औषध जास्त झाले तर अपाय होईल, ही भीती प्रत्येकाला असते आणि ती योग्यच आहे. परंतु औषध कमी पडले तरी अपाय होऊ शकतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या मनात येत नाही. कमी घेणे म्हणजे सावधपणा, असेच मानले जाते. ‘गोळी उष्ण पडते, अर्धीच घ्या’, ‘ताप उतरला ना, मग आता कशाला पोटात विष घालावयाचे?’, ‘चार गोळ्या उरल्या आहेत, त्या पुढच्या आजारपणाला होतील’ – ही वाक्ये ज्या घरात कधीच बोलली गेली नाहीत, असे घर सापडणे कठीण. ती बोलणारी माणसे निष्काळजी नसतात. बहुधा घरातील सर्वांत काळजीवाहू माणसेच ती बोलतात. म्हणूनच अपुऱ्या मात्रेचा हा विषय घराघरांत नीट समजून घेण्यासारखा आहे.

या समजुतीच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे. पूर्ण औषधाने पूर्ण गुण, तर अर्ध्या औषधाने अर्धा गुण. किराण्याच्या दुकानात हा हिशेब बरोबर आहे. अर्ध्या पैशात अर्धी साखर मिळते. शरीराचे गणित निराळे आहे. पोटात गेलेले औषध रक्तात मिसळते, रक्तातील त्याचे प्रमाण काही काळ चढते, आणि मग यकृत व मूत्रपिंडे ते हळूहळू बाहेर टाकू लागतात. रोगजंतूंवर चालणाऱ्या औषधांना एक किमान पातळी गाठावी लागते. त्या पातळीच्या वर जंतू मरतात किंवा त्यांची वाढ थांबते. त्या पातळीच्या खाली ते औषधाच्या सान्निध्यात जगतात. एखादी डाळ शिजावयास अर्धा तास लागत असेल, तर मंद निखाऱ्यावर ती पंधरा मिनिटे ठेवल्याने अर्धी डाळ शिजत नाही. सगळीच कच्ची राहते. रोगजंतूंच्या बाबतीत तर गोष्ट इथेही संपत नाही. कच्ची राहिलेली डाळ पुन्हा चुलीवर चढविता येते. औषधातून वाचलेला जंतू मात्र पुन्हा त्याच औषधाला दाद देईलच, असे नाही.

अपुरेपणाचे प्रकारही एकाहून अधिक आहेत. एका वेळची गोळी कमी शक्तीची घेणे, हा उघड प्रकार. दिवसातून तीन वेळा घ्यावयाचे औषध दोन वेळा किंवा एकदाच घेणे, हा दुसरा. ठरलेल्या दिवसांच्या आधीच औषध बंद करणे, हा तिसरा. आणि जेथे तीनचार औषधांची एकजूट लागते, तेथे एखादेच घेणे, हा चौथा. या चारही वाटा निरनिराळ्या दिसल्या तरी पोहोचतात एकाच ठिकाणी.

अपुऱ्या मात्रेचा एक हृदयद्रावक दाखला पेनिसिलिनच्या अगदी आरंभीच्या इतिहासात सापडतो. १९४१ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे रॅडक्लिफ रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई मरणोन्मुख अवस्थेत होता. जंतुदोष चेहऱ्यावर, डोळ्यांत आणि फुप्फुसांत पसरला होता. एक डोळा काढून टाकावा लागला होता. त्याच गावी हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली हे शास्त्रज्ञ बुरशीपासून पेनिसिलिन वेगळे करण्याच्या खटपटीत होते. १२ फेब्रुवारीला या शिपायाच्या शिरेत ते नवे औषध टोचण्यात आले. एका दिवसात फरक दिसू लागला; ताप उतरला, भूक लागली. परंतु साऱ्या प्रयोगशाळेत मिळून जे पेनिसिलिन होते, ते अत्यल्प होते. रोग्याच्या मूत्रातून बाहेर पडणारे औषध बाटल्यांत भरून सायकलीवरून प्रयोगशाळेत नेत, तेथे ते शुद्ध करून पुन्हा त्याच रोग्याला टोचीत. एवढे करूनही पाच दिवसांत साठा संपला. काही दिवस प्रकृती बरी राहिली. मग दबलेले जंतू पुन्हा उसळले, आणि १५ मार्चला तो शिपाई मरण पावला.

या प्रसंगात औषध अचूक होते, निदान बरोबर होते, वैद्य जगातील उत्तमांपैकी होते. कमी पडली ती केवळ मात्रा. फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून बोध घेतला. पुढचे रोगी निवडताना त्यांनी लहान मुलांना पसंती दिली, कारण लहान शरीराला पुरेल एवढे औषध तरी हाताशी होते. अनेक रोग्यांना थोडेथोडे वाटून देण्यापेक्षा ज्याला पुरे देता येईल त्यालाच द्यावे, हा निर्णय वरवर कठोर वाटतो. परंतु अपुरी मात्रा ही दया नव्हे, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले होते.

अवघ्या चार वर्षांत परिस्थिती पालटली. पेनिसिलिनचे कारखाने उभे राहिले, आणि टंचाईची जागा सुबत्तेने घेतली. १९४५ सालचे नोबेल पारितोषिक अलेक्झांडर फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून देण्यात आले. त्या वर्षीच्या डिसेंबरात स्टॉकहोम येथे व्याख्यान देताना फ्लेमिंगने आपल्या शोधाच्या हकीकतीबरोबर त्यातील धोकाही सांगितला. त्याने एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन घेतो. परंतु घेतो इतके थोडे की, जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला तोंड देण्यास शिकतात. मग ते जंतू त्याच्या पत्नीकडे जातात. तिला न्यूमोनिया होतो, तिला पेनिसिलिन दिले जाते, ते चालत नाही आणि ती मरते. या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंगने श्रोत्यांपुढे टाकला. पेनिसिलिन वापरावयाचे तर पुरेसे वापरा, हे त्या गोष्टीचे तात्पर्य त्याने स्वतःच सांगितले.

पुढील इतिहासाने या गोष्टीचा तपशील किंचित बदलला. फ्लेमिंगने आपल्या गोष्टीत योजलेल्या स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंपैकी घसा धरणारा जो नेहमीचा प्रकार, तो आजही पेनिसिलिनला दाद देतो. परंतु स्टॅफिलोकोकस नावाच्या दुसऱ्या जंतूने पेनिसिलिनचा फडशा पाडणाऱ्या प्रकारांच्या बळावर १९५० च्या सुमारासच मोठमोठ्या रुग्णालयांत ठाण मांडले. तपशील बदलला तरी गोष्टीचा गाभा खरा ठरला. विशेष असा की, त्या गोष्टीत औषध कमी घेतले पतीने, आणि त्याची किंमत मोजली पत्नीने. संसर्गजन्य रोगात मात्रा ही रोग्याची खाजगी बाब राहत नाही.

ही गोष्ट क्षयरोगाइतकी दुसऱ्या कोणत्याही रोगात ठळकपणे दिसून येत नाही. आणि भारतातील घरांना तर हा रोग परका नाही. औषधे येण्यापूर्वी क्षयी माणसाला मिरज, पाचगणी अशा ठिकाणच्या आरोग्यधामांत हवापालटासाठी ठेवीत. विश्रांती, दूध, अंडी आणि मोकळी हवा हाच उपचार असे. अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढले, तेव्हा साऱ्या जगाला वाटले की क्षयाचा काळ आला. ब्रिटनमध्ये या औषधाची पद्धतशीर परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्यांपैकी ४ जण दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १४. विजय निर्विवाद दिसत होता. परंतु औषध मिळालेल्या पुष्कळ रोग्यांच्या थुंकीतील जंतू काही आठवड्यांतच स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले, आणि काही वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतील फरक बराचसा मावळला होता. येथे वजनात मात्रा कमी नव्हती. रोज दोन ग्रॅम औषध टोचले जात होते. अपुरेपणा निराळ्या जागी होता. औषध एकटे होते.

याचे गणित समजण्यास कठीण नाही. क्षयरोग्याच्या फुप्फुसात पडलेल्या एका पोकळीत १० कोटी किंवा त्याहून अधिक जंतू असू शकतात. जंतूंच्या एवढ्या मोठ्या वस्तीत काही जन्मतःच एखाद्या औषधाला न बधणारे निघतात. आयसोनायझिड या औषधाला न बधणारा जंतू साधारणतः १० लाखांत एक असतो. रिफॅम्पिसिनला न बधणारा १० कोटींत एक. एकच औषध दिले तर बाकीचे सारे मरतात आणि हे मूठभर उरतात. मोकळ्या झालेल्या रानात मग त्यांचेच पीक येते. परंतु दोन्ही औषधे एकदम दिली, तर दोहोंनाही पुरून उरणारा जंतू सापडण्याचा संभव कोटी गुणिले कोटी, एवढ्यांत एक. इतके जंतू कोणत्याही फुप्फुसात मावत नाहीत. यास्तव क्षयाला औषधांची एकजूट लागते; आणि त्यातील एखादे कमी घेणे किंवा दुबळ्या प्रमाणात घेणे, म्हणजे हे सारे गणित पुन्हा जंतूंच्या बाजूला फिरविणे होय.

दिवसांचेही असेच आहे. आतड्यातील नेहमीचे जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात, आणि काही जंतू तर दीर्घकाळ सुप्त पडून राहतात. औषधाचा मारा जागत्या, वाढत्या जंतूंवर अधिक चालतो. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढते, रोगी कचेरीत जाऊ लागतो. उरलेले चार महिने आहेत ते दडून बसलेल्यांसाठी. म्हणजे ज्या दिवशी रोग्याला आपण बरे झालो असे वाटते, तो दिवस औषध थांबविण्याचा नव्हे. खरी कसोटी त्या दिवसापासून सुरू होते.

समजा, एका चाळीत एक कुटुंब राहते. घरातील कर्त्या पुरुषाला क्षय झाल्याचे निदान होते. पहिल्या आठवड्यात लघवी तांबूस-नारिंगी होते. तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे, त्यात भिण्याजोगे काही नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून घरचे म्हणतात, औषध उष्ण पडले, एक दिवसाआड घ्या. पित्त होते म्हणून चार गोळ्यांच्या तीन होतात. दोन महिन्यांत प्रकृती सुधारते, आणि दिवाळीच्या गडबडीत औषध सुटते. सहा महिन्यांनी खोकला परत येतो. आता दुसरा डॉक्टर. तो जुन्या औषधांत एक नवे घालतो. मग तिसरा, तो आणखी एक. या साऱ्या काळात त्याच खोलीत त्याची मुले निजत असतात. असे चित्र काढण्यास कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही, कारण प्रत्यक्षात याहून वाईट घडलेले आहे. २०११ सालच्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी चार क्षयरोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांपैकी तिघांचा पूर्वेतिहास पाहिला, तेव्हा दिसून आले की, त्यांना अनेक खाजगी डॉक्टरांकडून, कोणाच्या देखरेखीविना, एकेक औषध वाढवीत, आणि बरेचदा चुकीच्या मात्रेत औषधे मिळाली होती. दीड वर्षात सरासरी चार डॉक्टर झाले होते. २०१२ साली या वृत्ताने देशभर खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले.

दोष केवळ रोग्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मुंबईतच धारावी भागात १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे १०० खाजगी डॉक्टरांना क्षयावर औषध लिहून देण्यास सांगितले, तर त्यांनी मिळून ८० निरनिराळ्या तऱ्हा लिहिल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तशाच पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हा लिहिल्या. त्यांपैकी बरोबर लिहिणारे ६ निघाले. डॉक्टरच जर मात्रेविषयी एकमत नसतील, तर घरातल्या आजीबाईंना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? शिवाय औषध महाग असणे, दवाखाना दूर असणे, रोजंदारी बुडणे, आणि कधीकधी सरकारी पुरवठ्यातच खंड पडणे, ही कारणे रोग्याच्या हातातली नसतात. ऑक्सफर्डच्या शिपायाने औषध टाळले नव्हते. ते त्याला मिळाले नव्हते. आजही जो रोगी औषधाविना परत पाठविला जातो, त्याची गोष्ट त्या शिपायाचीच आहे.

यावर उपाय नाही असे मात्र नव्हे, आणि त्या उपायाचा पाया भारतातच घातला गेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९५६ साली मद्रास येथे क्षयावरील औषधोपचाराचे संशोधनकेंद्र सुरू झाले. दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत राहणाऱ्या रोग्यांना दोन गटांत विभागून एका गटाला आरोग्यधामात ठेवले आणि दुसऱ्याला घरीच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पुरेशी औषधे नियमितपणे मिळाली, तर घरी राहिलेले रोगीही आरोग्यधामातील रोग्यांच्या तोडीने बरे होतात, आणि घरच्या माणसांना होणारा संसर्गही त्यामुळे वाढत नाही. दूध, अंडी, हवापालट, पलंग या साऱ्यांहून मात्रा आणि नियमितपणा श्रेष्ठ ठरला. परंतु केंद्राचे प्रमुख वॉलेस फॉक्स आणि त्यांचे सहकारी भोळे नव्हते. रोगी गोळ्या घेतो म्हणतो, यावर ते थांबले नाहीत. न कळविता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजणे, मूत्राची तपासणी करून औषध खरोखर पोटात गेले की नाही ते पाहणे, अशी त्यांची रीत होती. कोणाच्या तरी डोळ्यांसमोर औषध घ्यावे, ही आज जगभर चालणारी पद्धत मद्रासच्या याच अनुभवातून वाढली. त्यात रोग्यावर अविश्वास आहे, असे काहींना वाटते. वस्तुतः त्यात मनुष्यस्वभावाची ओळख आहे. बरे वाटू लागलेल्या माणसाला औषधाचा विसर पडतो, हा दुर्गुण नसून सर्वसाधारण धर्म आहे.

मात्रा ही एकदा ठरवून कायमची विसरण्याची वस्तूही नव्हे. क्षयाची औषधे रोग्याच्या वजनावर ठरतात. मोठ्या माणसाला रिफॅम्पिसिन दर किलो वजनामागे सुमारे १० मिलिग्रॅम आणि आयसोनायझिड सुमारे ५ मिलिग्रॅम, असे प्रमाण आहे. रोगाने खंगलेला माणूस औषधाने सुधारतो, त्याचे वजन वाढते; आणि मग काल पुरेशी असलेली मात्रा आज अपुरी होऊ शकते. म्हणून उपचार चालू असताना वजनाचा काटा हा औषधाच्या डब्याइतकाच आवश्यक. लहान मुलांच्या बाबतीत तर शास्त्रालाच आपली चूक सुधारावी लागली. मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान आवृत्ती, असे समजून मुलांनाही दर किलोला मोठ्यांइतकेच औषध दिले जात होते. परंतु लहान मुलांचे शरीर ही औषधे अधिक वेगाने बाहेर टाकते, असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मुलांसाठी आयसोनायझिडचे प्रमाण दर किलोला ५ वरून १० मिलिग्रॅम आणि रिफॅम्पिसिनचे १० वरून १५ मिलिग्रॅम केले. वजनाच्या मानाने मुलाला मोठ्यापेक्षा अधिक औषध लागते, ही गोष्ट कोणत्याही आईला विचित्र वाटेल. पण ती खरी आहे.

जंतुजन्य नसलेल्या रोगांतही अपुरी मात्रा घात करते, फक्त तिची रीत निराळी. फेफऱ्याचा रोगी वर्षभर झटका आला नाही म्हणून आपल्या मनाने गोळी कमी करतो किंवा सोडतो, आणि एखाद्या दिवशी रस्ता ओलांडताना कोसळतो. रक्तदाबाचा रोगी डोके दुखत नाही म्हणून एक दिवसाआड गोळी घेतो. रक्तदाबाला बहुधा वेदना नसते, म्हणून त्याला काही कळत नाही, आणि कळते तेव्हा अर्धांगाने गाठलेले असते. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन मुळीच तयार होत नाही, अशा मधुमेही मुलांना ते काटकसरीने टोचणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि या साऱ्यांत एक अदृश्य हानी आणखी होते. डॉक्टरला वाटते, रोगी पूर्ण औषध घेत आहे आणि तरीही गुण नाही. मग तो मात्रा वाढवितो, औषध बदलतो, निदानाविषयीच साशंक होतो. पुढे तोच रोगी रुग्णालयात दाखल झाला आणि परिचारिकेच्या हातून ती वाढविलेली मात्रा त्याला खरोखरच मिळाली, म्हणजे रक्तदाब किंवा साखर एकदम उतरून तो संकटात सापडतो. अपुरी मात्रा लपविली, तर ती अशा रीतीने अतिमात्रेला निमंत्रण देते.

या साऱ्या विवेचनाचा अर्थ ‘जास्त औषध चांगले’ असा कोणी करू नये. सर्दीपडशासारख्या विषाणुजन्य दुखण्यात पेनिसिलिन किंवा त्याची भावंडे घेणे व्यर्थ आहे. तेथे योग्य मात्रा शून्य. तसेच प्रत्येक रोगात दीर्घकाळ औषध लागते, असेही नाही. साध्या न्यूमोनियासारख्या काही रोगांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे औषध पुरते, असे अलीकडच्या प्रयोगांनी दाखविले आहे. क्षयाचेही सहा महिने कमी करण्याचे प्रयत्न झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या प्रयोगांत चार महिन्यांची नवी योजना अपुरी पडली. रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढले. २०२१ साली निराळ्या औषधांची चार महिन्यांची योजना मात्र यशस्वी ठरली. यातून दिसते ते हे की, मात्रा कमी करता येते. परंतु ती शेकडो रोग्यांवर काळजीपूर्वक पडताळा घेऊन. घरातल्या घरात, बरे वाटते किंवा वाटत नाही एवढ्यावर ती कमी करता येत नाही. ‘मला बरे वाटते’ ही रोग्याची साक्ष खरी असते. पण ती रोगाविषयी असते, जंतूंविषयी नव्हे.

घरातील वडीलधाऱ्यांनी यातून काय घ्यावे? औषध हाती येताच चार गोष्टी विचारून कागदावर लिहून ठेवाव्यात: एका वेळी किती, दिवसातून किती वेळा, एकूण किती दिवस, आणि एखादी वेळ चुकली तर काय करावयाचे. पातळ औषध स्वयंपाकघरातील चमच्याने देऊ नये; घरोघरचे चमचे सारख्या मापाचे नसतात, म्हणून बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे. औषधाने पित्त झाले, खाज सुटली, डोळ्यांपुढे अंधारी आली, डोळे पिवळे दिसू लागले, तर गुपचूप गोळी कमी न करता ताबडतोब डॉक्टरला सांगावे. ते बदलणे त्याचे काम आहे, आणि काही वेळा औषध तात्काळ थांबविणेही तोच सांगेल. पैशाची अडचण असेल तर तीही सांगावी, त्यात संकोच नसावा. भारतात क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. आणि गोळ्या खरोखरच चुकल्या असतील तर ते कबूल करावे. डॉक्टरनेही ती कबुली ऐकून रागावू नये. रागावणाऱ्या डॉक्टरला रोगी पुढच्या वेळी खरे सांगत नाही, आणि खोट्या माहितीवर दिलेले उत्तम औषधही आंधळेच असते.

सहाणेपाशी बसलेल्या त्या आजीबाईंना रक्तातील पातळी ठाऊक नव्हती, जंतू ठाऊक नव्हते. परंतु वेढे मोजताना मध्ये कोणी बोलले तर त्या हाताने थांबण्याची खूण करीत आणि मोजणी पुरी झाल्यावरच उत्तर देत. औषधाच्या बाबतीत घराने त्यांच्याकडून घ्यावयाचे ते हेच: मोजणी मध्येच सोडावयाची नाही.